दूरचित्रवाणीचे जनकत्व आणि कॅमेऱ्याची साक्ष

सामान्यज्ञानाचे कोणतेही पुस्तक उघडावे, ‘दूरचित्रवाणीचा जनक कोण?’ हा प्रश्न त्यात हमखास सापडतो आणि त्याखाली ‘जॉन लोगी बेअर्ड’ असे उत्तर छापलेले असते. मुले ते पाठ करतात, परीक्षक गुण देतात, आणि प्रकरण निकालात निघते. न्यायालयात एखादा दावा साक्षीपुरावा न घेता इतक्या झटपट निकालात निघाला, तर आम्ही वकील मंडळी पुनर्विलोकनाचा अर्ज केल्यावाचून राहत नाही. प्रस्तुत लेख हा तसाच एक अर्ज आहे. बेअर्ड या कर्तृत्ववान पुरुषाचा अवमान करावा असा त्यात यत्किंचितही हेतू नाही. हरकत आहे ती प्रश्नाच्या घडणीलाच. ‘जनक कोण?’ असे विचारले की उत्तरादाखल एका माणसाचे नाव येते, आणि ज्या वस्तूवाचून राष्ट्रीय प्रक्षेपण उभेच राहिले नसते ती वस्तू, म्हणजे कॅमेरा, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कधी बोलावलीच जात नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की, दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात राष्ट्राला काय दिसावे आणि काय दिसू नये, हे संशोधकाच्या कीर्तीने ठरले नाही. ते कॅमेऱ्याच्या कुवतीने ठरले. कॅमेरा जेथवर पोहोचला तेथवरच राष्ट्राची दृष्टी पोहोचली.

प्रथम बेअर्डचे जे न्याय्य देणे आहे ते चुकते करू. २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमधील सोहो भागात, फ्रिथ स्ट्रीटवरील एका लहानशा प्रयोगशाळेत, त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना माणसाचा हालता चेहरा यंत्राच्या पडद्यावर दाखविला. छिद्रे पाडलेली तबकडी गरगर फिरवून दृश्याचे रेषारेषांनी तुकडे पाडावयाचे, ही कल्पना जर्मनीच्या पाऊल निपकॉव्हची. त्याने तिचा एकस्वहक्क १८८४ मध्येच मागितला होता. परंतु कल्पना कागदावर असणे निराळे आणि चारचौघांच्या डोळ्यांसमोर चेहरा हलता करून दाखविणे निराळे. १९२९ पासून बी.बी.सी.च्या प्रक्षेपकावरून बेअर्डची तीस रेषांची चित्रे प्रायोगिक स्वरूपात जाऊ लागली. लोकांच्या मनात या नव्या विद्येविषयी जे कुतूहल जागे झाले त्याचे पुष्कळसे श्रेय निःसंशय त्याचे आहे. मात्र तीस रेषांत चेहरा जेमतेम ओळखू येतो. मिरवणूक, मैदान, सभा किंवा समुद्रकिनारा त्यात मावत नाही. कुतूहल जागे करणे हे एक कार्य आणि राष्ट्रासाठी नित्याची प्रक्षेपणसेवा चालविणे हे दुसरे; या दोहोंची गल्लत आपली पाठ्यपुस्तके बिनदिक्कत करीत आली आहेत.

ही गल्लत ब्रिटिश सरकारने मात्र केली नाही, आणि तेथूनच या प्रकरणातील खरा पुरावा सुरू होतो. १९३४ मध्ये लॉर्ड सेल्सडन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. जानेवारी १९३५ च्या आपल्या अहवालात तिने सार्वजनिक दूरचित्रवाणी बी.बी.सी.कडे सोपवावी, तीस रेषांवर समाधान न मानता किमान २४० रेषांची चित्रे असावीत, आणि बेअर्ड कंपनी व मार्कोनी-ई.एम.आय. या दोन प्रतिस्पर्ध्यांना एकाच केंद्रातून आळीपाळीने संधी द्यावी, अशा शिफारशी केल्या. उत्तर लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस ही जागा मुक्रर झाली. नाव राजवाड्याचे असले तरी ती सार्वजनिक करमणुकीसाठी बांधलेली जुनी इमारत होती. २ नोव्हेंबर १९३६ रोजी तेथून सेवेचे उद्घाटन झाले. आधी कोणी, हे नाणेफेकीने ठरले. कौल बेअर्ड कंपनीच्या बाजूने पडला. एकच समारंभ, तीच भाषणे, तेच गाणे प्रथम बेअर्डच्या यंत्रणेवर आणि मग मार्कोनी-ई.एम.आय.च्या यंत्रणेवर असे दोनदा पार पडले. वादी आणि प्रतिवादी यांना एकाच न्यायासनापुढे सारखी संधी देण्याचा याहून स्वच्छ प्रकार कल्पिणे कठीण. सार्वजनिक पैशाने यंत्रसामग्री घेणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने हा कित्ता गिरवावा.

आता दोन्ही पक्षांचे कॅमेरे पाहू. बेअर्ड पक्षाची २४० रेषांची मुख्य व्यवस्था अशी होती की, स्टुडिओतील दृश्य आधी चित्रपटाच्या फिल्मवर टिपावयाचे, ती फिल्म कॅमेऱ्यातून थेट खालच्या रसायनांच्या टाकीत सोडावयाची, तेथे ती धुऊन निघताच ओली असतानाच तिचे रेषांमध्ये विघटन करावयाचे आणि मग चित्र प्रक्षेपित करावयाचे. या सगळ्या खटाटोपाला सुमारे एक मिनिट लागे. म्हणजे प्रेक्षकाला दिसणारे ‘आत्ताचे’ दृश्य वस्तुतः मिनिटापूर्वीचे असे. हा विलंब कदाचित क्षम्य मानता येईल. परंतु टाक्या, नळ आणि रसायने यांच्याशी जखडलेला तो कॅमेरा जागचा हलू शकत नसे, हा दोष अक्षम्य होता. निवेदकासाठी वेगळी सोय होती. त्याने अंधाऱ्या खोलीत बसावयाचे आणि प्रकाशाचा एक वेगवान ठिपका त्याच्या चेहऱ्यावरून फिरत राहावयाचा. त्यात खांद्यांच्या खालचे फारसे काही येत नसे, आणि चेहऱ्यावर रंगाचे जाड लेप चढवावे लागत. अमेरिकेच्या फिलो फार्न्सवर्थचा विद्युत् कॅमेराही या पक्षाने हाताळून पाहिला. पण त्याला प्रकाश इतका लागे की नित्याच्या कामास तो पुरा पडला नाही.

प्रतिपक्षाकडे ‘एमिट्रॉन’ होता. त्याचे मर्म समजून घेतल्याशिवाय निकालाचे मर्म समजणार नाही. म्हणून थोडा धीर धरावा, अशी वाचकांस विनंती आहे. ४०५ रेषांचे चित्र म्हणजे ढोबळमानाने दोन लाख ठिपक्यांची रांगोळी. तबकडीच्या किंवा धावत्या ठिपक्याच्या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश केवळ त्याची पाळी येते त्या निमिषापुरताच उपयोगी पडतो. उरलेला सगळा वाया जातो. मृगाच्या पावसात घराच्या पागोळ्या गळत असताना एकच वाटी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटावे आणि प्रत्येक धारेखाली ती क्षणभर धरावी, तसा हा प्रकार. हाती पाणी ते किती येणार? एमिट्रॉनने प्रत्येक पागोळीखाली एकेक वाटी मांडली. काचेच्या नळीतील एका पातळ पत्र्यावर प्रकाशग्राही धातूचे असंख्य सूक्ष्म कण पसरलेले असत. ज्या कणावर जितका प्रकाश पडे तितका विद्युत्‌भार तो अखंड साठवीत राही, आणि विद्युत्‌कणांचा झोत एका सेकंदात पंचवीस वेळा येऊन सगळ्या वाट्या ओळीने रिकाम्या करून जाई. प्रत्यक्षात साठवणीचा पुरा लाभ पदरात पडत नसे. नळीच्या आतच विद्युत्‌कण इतस्ततः उधळत, चित्रावर नको त्या सावल्या पसरत, आणि त्या पुसून काढण्यासाठी नियंत्रकांना सतत खुंट्या पिळीत बसावे लागे. साक्षीदाराचे दोष झाकण्याचे कारण नाही. या दोषांसहही एमिट्रॉन दिवसाच्या सामान्य उजेडात पाहू शकत होता, त्यात हलते यांत्रिक चक्र नव्हते, आणि केबल जेथवर नेता येईल तेथवर तोही जाऊ शकत होता. निकाल फिरला तो या तीन गुणांवर.

या एमिट्रॉनचा जनक कोण, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर एका ओळीत देता येणार नाही. चित्र टिपण्यास आणि दाखविण्यास, दोन्हीकडे विद्युत्‌कणांचा झोतच वापरावा, ही कल्पना ए. ए. कॅम्पबेल स्विंटन यांनी १९०८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात मांडली होती. रशियातून अमेरिकेत गेलेल्या व्लादिमीर झ्वोरिकिन यांनी भार साठविणाऱ्या नळीची, ‘आयकॉनोस्कोप’ची, घोषणा १९३३ मध्ये केली. ई.एम.आय.च्या हेज येथील प्रयोगशाळेत टेडॅम आणि मॅक्गी यांनी १९३२ मध्येच अशी नळी करून पाहिली होती. तिच्या जोडीला लागणाऱ्या विद्युत् मंडलांत ॲलन ब्लमलाइनची बुद्धी खर्ची पडली. आणि या सगळ्यांचा प्रमुख होता पिन्स्क येथे जन्मलेला आयझॅक शोएनबर्ग. २४० रेषा पुरेशा असताना एकदम ४०५ रेषांची उडी घेण्याचे धाडस त्याने केले. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात यांपैकी एकाचेही नाव शोधून सापडत नाही. रथ पुष्कळांनी ओढावा आणि फोटोत एकट्याने उभे राहावे, असा हा न्याय आहे.

फेब्रुवारी १९३७ मध्ये निर्णय झाला. बेअर्ड पद्धती बंद करण्यात आली आणि मार्कोनी-ई.एम.आय.ची पद्धती तेवढी राहिली. येथे प्रतिपक्षाचे वकील उठून उभे राहतात आणि म्हणतात, ‘गरीब, एकाकी संशोधकाला धनाढ्य कंपनीने चिरडले!’ हे वाक्य ऐकावयास करुण आहे, परंतु पुराव्यात टिकणारे नाही. त्या काळी बेअर्डच्या नावाची कंपनी गोमाँ-ब्रिटिश या बलाढ्य चित्रपटसंस्थेच्या ताब्यात होती, आणि तिच्या तांत्रिक कारभारात स्वतः बेअर्डचा शब्द चालेनासा झाला होता. लढत दोन भांडवलदार कंपन्यांची होती. दुसरी सबब आगीची सांगतात. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री क्रिस्टल पॅलेस जळाला आणि तेथील बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेची अपरिमित हानी झाली, हे खरे. त्याबद्दल कोणाही सहृदय माणसास हळहळ वाटेल. परंतु ओल्या फिल्मचा कॅमेरा जमिनीला खिळलेला होता तो आगीपूर्वीही होताच. सहानुभूती हा गुण आहे; तो पुरावा नव्हे.

निर्णय योग्य होता की नाही, हे पुढल्या तीनच महिन्यांत रस्त्यावर सिद्ध झाले. १२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आत दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यास प्रवेश नव्हता, म्हणून बी.बी.सी.ने आपली नवी फिरती गाडी आणि तीन एमिट्रॉन कॅमेरे हाइड पार्क कॉर्नरजवळ नेऊन उभे केले. तेथपासून अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत खास केबल घातली होती. आकाश ढगाळ, वर पावसाची भुरभुर. तरीही मिरवणूक गेली ती त्याच क्षणी दूरच्या घरांतील पडद्यांवर दिसली. त्याच वर्षी जूनमध्ये विम्बल्डनचे टेनिस दिसले, आणि ११ नोव्हेंबरला युद्धस्मारकापाशी झालेल्या समारंभात ‘सुपर-एमिट्रॉन’ हा कित्येक पटींनी अधिक संवेदनक्षम कॅमेरा उपयोगात आला. आपल्या देवळांचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे त्यांना एका उपमेने हे पटेल. मूळ मूर्ती गाभाऱ्यात अचल असते. लोकांच्या दारी जावयाचे असते तेव्हा उत्सवमूर्ती पालखीत बसते आणि भोयांच्या खांद्यावरून गावभर हिंडते. उपमा एकदेशीच घ्यावी, हे मी जाणतो. तरीपण ज्या दिवशी कॅमेरा पालखीत बसला त्याच दिवशी दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने राष्ट्रीय होण्यास आरंभ झाला, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो.

कॅमेऱ्याच्या पायावर फुले वाहा, असे मात्र मी म्हणत नाही. ऑगस्ट १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मन सरकारने तीन निरनिराळ्या जातींचे दूरचित्रवाणी कॅमेरे मैदानावर उभे केले होते. त्यांतील टेलिफुंकेनच्या आयकॉनोस्कोप कॅमेऱ्याचे भिंग एवढे प्रचंड होते की लोक त्याला तोफच म्हणत. बर्लिनमधील सार्वजनिक दालनांत जमून नागरिक ही चित्रे पाहत. यंत्र उत्तम होते. पण ते कोणाकडे वळवावयाचे आणि कोणाकडे पाठ करावयाची, हे नाझी राजवट ठरवीत होती. तेव्हा ‘कॅमेरा कोठवर जाऊ शकतो?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘त्याला कोण नेतो आणि कोण अडवितो?’ हा प्रश्न येणारच. जनकाच्या नावाभोवती आरती ओवाळीत बसल्याने नेमका हाच दुसरा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

इंग्लंडने तो विचारला. दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची तयारी चालू असता ऑक्टोबर १९५२ मध्ये असे जाहीर झाले की, ॲबीच्या आतल्या मुख्य विधीचे थेट प्रक्षेपण होणार नाही. वृत्तपत्रांनी आणि जनतेने गहजब केला. डिसेंबरात निर्णय फिरला. परंतु तो फिरला तो अटींसह. चेहऱ्याजवळचे दृश्य घ्यावयाचे नाही आणि पवित्र तैलाभिषेकाचा क्षण दाखवावयाचा नाही, हे ठरले. २ जून १९५३ रोजी ब्रिटनमधील सुमारे दोन कोटी लोकांनी तो सोहळा पाहिला, आणि अभिषेकाच्या वेळी छत्राआड काय घडले ते कोणीही पाहिले नाही. सोळा वर्षांपूर्वी दाराबाहेर पावसात उभा असलेला कॅमेरा आता आत आला होता. परंतु यजमानांनी त्याला कोठे थांबावयाचे ते सांगितले होते. ज्या समाजाला सभामंडप आणि गाभारा यांतील अंतर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्याला यातील तारतम्य उलगडून सांगावयास नको. कॅमेरा येण्यापूर्वी मर्यादा ठरवावी. तो आल्यावर तिच्यावरून भांडू नये.

आता आपल्या घराकडे वळू. कारण जनकपूजेचा रोग आपल्याकडे दुसऱ्या रूपाने आला. भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत, एका लहान प्रक्षेपकावर, प्रयोग म्हणून झाला. दैनंदिन सेवा १९६५ मध्ये सुरू झाली. मुंबईला केंद्र मिळावयास २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. पुढे १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्रे आली, आणि लगेचच देशभर मनोरे उभारण्याची मोहीम निघाली. कोणत्या शहराला प्रक्षेपक मिळाला, किती टक्के जनता प्रक्षेपणाच्या टापूत आली, यांचे आकडे अभिमानाने प्रसिद्ध होऊ लागले. परंतु त्या लहान मनोऱ्यांपैकी बहुतेकांचे काम दिल्लीहून आलेले चित्र पुढे ढकलणे एवढेच होते. मनोरा आपल्यापर्यंत दिल्ली आणतो. आपल्याला दिल्लीपर्यंत नेतो तो कॅमेरा. प्रक्षेपकांची गणती झाली, कॅमेऱ्यांची झाली नाही. आणि गोवा, बेळगाव, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील माणूस दीर्घकाळ केवळ प्रेक्षकच राहिला. स्वतःची बोली, स्वतःचे उत्सव आणि स्वतःची गाऱ्हाणी पडद्यावर पाहावयाची तर राजधानीच्या सवडीची वाट पाहावी लागे.

हे अपरिहार्य होते, असे सांगणाऱ्यांस एक प्रतिदाखला देतो. वडोदऱ्यापासून फार दूर नसलेल्या गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९७५ पासून अंतराळ संशोधन संस्थेने एक प्रयोग चालविला. पिज या गावी लहान प्रक्षेपक होता. पण त्याचे वैशिष्ट्य मनोऱ्यात नव्हते. कार्यकर्ते कॅमेरे घेऊन गावागावांत जात, मजुरी, अस्पृश्यता, शेती आणि दूधव्यवसाय यांविषयी तेथल्याच लोकांना बोलते करीत, आणि त्यांचीच बोली त्यांच्याच पडद्यावर उमटे. १९८४ मध्ये या प्रयोगास युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाविषयीचा पुरस्कार मिळाला. पुढे पिजचे प्रक्षेपण बंद पडले. जगाने ज्याचा गौरव केला तो नमुना देशाने उचलला नाही. १९३७ मध्ये लंडनने केबल ओढून कॅमेरा रस्त्यावर नेला, आणि १९८० नंतरच्या दशकात आपण तो राजधानीच्या स्टुडिओभोवतीच घुटमळत ठेवला. हा फरक धनाचा कमी आणि दृष्टीचा अधिक होता.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग ही जुनी दस्तरे कशाला उलगडावयाची, असे कोणी म्हणेल. त्यास माझे उत्तर असे की, खिशातल्या कॅमेऱ्याने टिपलेले हजारो डोळ्यांपर्यंत पोहोचवावयाचे की नाही, हे आजही दुसराच कोणीतरी ठरवितो. आणि हातातले साधन कसे घडले हे ज्याला माहीत नाही, तो त्याच्या मालकीविषयीचा प्रश्नही विचारीत नाही. जनकाचे नाव पाठ केलेला मुलगा नमस्कार करून मोकळा होतो. सोहोतील तबकडी, अलेक्झांड्रा पॅलेसमधील आळीपाळीची परीक्षा, हाइड पार्कच्या कोपऱ्यावरील पावसात भिजलेले तीन कॅमेरे, ॲबीच्या दारावरील अटी आणि पिजचा मिटलेला पडदा ही परंपरा ज्याला शिकविली, तो मात्र पुढचा प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही.

म्हणून अर्जाच्या शेवटी मागणी एवढीच. पुस्तकातून बेअर्डचे नाव खोडू नये. त्यापुढे १९२६ हे साल आणि ‘हालता चेहरा प्रथम जाहीरपणे दाखविला’ असे त्याचे खरे कार्य लिहावे. त्याखाली एमिट्रॉन आणि तो घडविणारी माणसे यांस जागा द्यावी. आणि ‘जनक कोण?’ हा प्रश्न रद्द करून त्या जागी दुसरा घालावा: ‘पहिला कॅमेरा स्टुडिओबाहेर केव्हा पडला, कोठे गेला, आणि तो आपल्या गावी यावयास किती वर्षे लागली?’ या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत मावणार नाही. न मावो. मुलांना थोडे अधिक लिहावे लागेल, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांस थोडे अधिक वाचावे लागेल.